पौर्णिमेकडून अमावास्येकडे

रात्रीचं निसर्गछायाचित्र म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती डोंगरमाथ्यावरची आकाशगंगा. ती टिपणारे कॅलेंडरात अमावास्या शोधतात. ही रीत गेल्या वीसेक वर्षांतली. त्याआधी या कलेचा सगळा व्यवहार पौर्णिमेभोवती चालायचा, कारण रानात चांदण्याखेरीज दुसरा उजेडच नव्हता.

तोही किती मंद! पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पटींनी फिकं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छायाचित्रकार चित्र उमटवायला वापरत ती कलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेली ओली काच दहा-पंधरा मिनिटांत वाळायची, आणि वाळली की निकामी. तेवढ्या वेळात चांदण्यातला डोंगर उमटणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘चांदण्यातली’ दृश्यं दिवसाढवळ्या, सूर्याकडे कॅमेरा रोखून टिपली जात. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचं १८५६ सालचं समुद्रावरच्या जहाजाचं चित्र अनेकांना चंद्रप्रकाशातलंच वाटलं होतं. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली. पुढे तशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या, तेव्हा कुठे कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, तासभर उघडं ठेवण्याची सोय झाली.

या परंपरेतलं पहिलं थोर चित्र मी एडवर्ड स्टायकेनचं मानतो. १९०४ साली न्यूयॉर्कजवळच्या ममारोनेकमध्ये टिपलेलं हे तळं, काठाची झाडी आणि खोडांआडून दिसणारा चंद्र. रंगीत छायाचित्रण अजून बाजारात यायचं होतं, म्हणून स्टायकेनने प्रकाशसंवेदी डिंकाचे थर हातांनी चढवून रंगाचा भास आणला. त्यामुळे या चित्राची प्रत्येक प्रत वेगळी आहे. २००६मध्ये त्यातली एक प्रत २९ लाख डॉलरना विकली गेली, तो तेव्हाचा विक्रम होता.

फिल्मची मात्र एक खोड होती. प्रकाश निम्मा झाला की वेळ दुप्पट द्यायची, हा हिशेब दिवसा जमतो. रात्री फिल्म जणू थकते आणि हिशेबाहून बराच जास्त वेळ मागते. कृष्णविवरांच्या गणितामुळे आपल्याला माहीत असलेले खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनीच १९०० सालच्या सुमारास याचा नियम मांडला. रंगीत फिल्मचे तीन थर तर वेगवेगळ्या वेगाने थकतात, म्हणून रंगही बदलतात. शटर इतका वेळ उघडं राहिलं की लाटांचं धुकं होतं आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. कलावंतांनी या सगळ्यातून स्वतःची भाषा घडवली. मायकेल केना यांनी १९८०च्या दशकात इंग्लंडमधलं रॅटक्लिफचं वीजकेंद्र असंच रात्री टिपलं. त्यांची काही एक्स्पोजर रात्रभर चालतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कला महाविद्यालयात स्टीव्ह हार्पर १९७९पासून हेच शिकवत होते.

डिजिटल सेन्सरला असा थकवा नाही. २००७मध्ये आलेल्या निकॉन डी३ या कॅमेऱ्याची आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याच्या क्षमतेचं माप) मर्यादा २५,६०० होती. २४ मिलिमीटरच्या लेन्सने वीसेक सेकंदांत तारे ठिपक्यांसारखे टिपता येऊ लागले, आणि आपल्या उजेडाने ताऱ्यांना पुसट करणारा चंद्र एकाएकी नकोसा झाला. या बदलात मोठं काही निसटलं असं मला मनापासून वाटतं. चांदण्यात जमीन हाच चित्राचा विषय असायचा: दगडाची सावली, गवताचा पोत. आताच्या कितीतरी चित्रांत जमीन म्हणजे तळाची काळी पट्टी, नाहीतर टॉर्चने उजळलेली किंवा वेगळी टिपून जोडलेली.

आणि हवा तसा अंधारही आता शोधावा लागतो. आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये मांडली. मोठ्या शहरांच्या आकाशात आकाशगंगा दिसतच नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा काळोख जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी यांसारख्या बफर क्षेत्रातल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवावे लागले.