रोझबरो की सी-डोरी? फरक पाण्याखाली आहे

पंचवीसेक फुटांची, ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढता येईल अशी, बंद केबिनची आणि मागे बाहेरच्या बाजूला लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन असलेली बोट घ्यायची म्हणून अमेरिका-कॅनडातल्या जुन्या बोटींच्या जाहिराती चाळायला घेतल्या, की दोन नावं हटकून समोर येतात: रोझबरो आरएफ-२४६ आणि सी-डोरी २५. विकणारे दोघींनाही सर्रास ‘पॉकेट ट्रॉलर’ म्हणतात. (हर्णे बंदरातला ट्रॉलर डोळ्यांपुढे आणू नका. इथे जाळं नाही, झोपायला गाद्या आणि चहापुरती शेगडी आहे.) फोटोत दोघी बहिणी वाटतात. चौकोनी केबिन, उभ्या काचा, पांढरं फायबर. रुंदीही तीच, साडेआठ फूट, कारण अमेरिकेत त्याहून रुंद काही रस्त्यावरून न्यायचं तर वेगळा परवाना काढावा लागतो. मग वाटतं, जी स्वस्तात मिळेल ती घ्यावी. तसं करू नका.

बोट ट्रेलरवर असेल तेव्हा मागे जाऊन उकिडवे बसा आणि तळ बघा. रोझबरो मूळची नोव्हा स्कोशियाची, तिकडच्या मासेमारी होड्यांच्या वळणाची. तिच्या तळाला मधोमध कील आहे, कण्यासारखी खाली उतरलेली. सी-डोरी वॉशिंग्टन राज्यातली. तिचा तळ नाळेपाशी (म्हणजे पुढच्या टोकाला) धारदार आणि मागे येईतो जवळजवळ सपाट होतो. वजनालाही ती बरीच हलकी. पुढचं सगळं यावरून ठरतं.

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीला बांधलेला असतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की तो नॉटमध्ये मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). २३ फुटांना साधारण साडेसहा नॉट. इथपर्यंत दोघीही काटकसरीने चालतात. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागते, आणि इथे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. सी-डोरी हलकी आणि सपाट, त्यामुळे ती हा चढ ओलांडून पाण्यावरून घसरत सुटते आणि पंधरा-सोळा नॉटला अगदी खुशीत असते. पण मधल्या आठ ते अकराच्या पट्ट्यात तिची अवस्था वाईट: नाळ आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, समोरचं नीट दिसत नाही आणि पेट्रोल भसाभस जातं. रोझबरोला असा ठळक चढ नाही. नऊ-दहा नॉटवर ती तासन्‌तास गुमान चालते. तिला पंधराच्या पुढे दामटायचं म्हटलं, तर मात्र पेट्रोलचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो.

जाहिरातीत फक्त कमाल वेग छापलेला असतो, आणि तो सपाट पाण्यावरचा. खरा प्रश्न पाणी बिघडल्यावर उभा राहतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जॉर्जिया सामुद्रधुनीत वारा आणि भरतीचा प्रवाह समोरासमोर आले की लाटा फार उंच नसतात, पण आखूड आणि उभ्या होतात. अशा पाण्यावर सोळा नॉटने निघालेल्या सी-डोरीचा सपाट तळ लाटेलाटेवर आपटतो. खणातले चमचे खणखणतात, मग खण आपोआप उघडतो, मग बरोबरचा माणूस तुमच्याकडे बघतो. ट्रिम टॅब (मागच्या बाजूला तळाशी बसवलेल्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्या) खाली करून नाळ दाबली की धारदार भाग लाटेला भिडतो आणि बराच फरक पडतो. सी-डोरीवाल्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. तरीही शेवटी वेग कमी करावाच लागतो, आणि कमी केला की मधला तो वाईट पट्टा आडवा येतो. म्हणजे थेट सहावर या. रोझबरो अशा वेळी नऊवरून आठवर येते आणि चालत राहते. दिवसाअखेर दोघी एकाच धक्क्याला जवळपास एकाच वेळी पोचल्या तर नवल नाही.

धक्क्याला लावताना आडवा वारा असेल तर फरक आणखी जाणवतो. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं. पंखा फिरतोय तोवरच बोट वळते, न्यूट्रलला आलात की दिशा वाऱ्याच्या हाती. रोझबरोची कील निदान पाण्याला धरून ठेवते. सी-डोरीची उंच केबिन मात्र शिडासारखी वारा घेते आणि खाली अडवायला काहीच नसतं. तिथे इंजिन पूर्ण खाली सोडलेलं हवं, कारण मागे पाण्यात रुतलेली तेवढीच एक गोष्ट असते. गिअर टाका-काढा करत, वाऱ्याच्या बाजूला जरा जास्तच कोन ठेवून यायचं. सवय होते, पण मऊ फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या बाजूला टांगायच्या गाद्या) आणि शांत जोडीदार लागतो.

आउटबोर्डचे फायदे दोघींना सारखेच. इंजिन वर उचललं की खारं पाणी सुटतं, केबिनच्या पोटात इंजिनाची खोली लागत नाही, आणि बिघडलं तर काढून दुसरं लावता येतं. फक्त जुन्या रोझबरोंमध्ये काहींना आत बसवलेलं इंजिन असतं, तेवढं जाहिरातीत तपासा.

ओढायच्या बाबतीत सी-डोरी सरळ जिंकते. ट्रेलर, पेट्रोल, पाणी, नांगर, कपडे धरून ती तीन टनांच्या आसपास राहते. रोझबरो साडेतीन-चार टनांवर सहज जाते आणि मग साध्या एसयूव्हीचं काम राहत नाही, मोठा पिकअप लागतो. ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगची काळजी दोघींनाही. लांब ओढून आल्यावर चाकाचा तापलेला हब (मधला भाग) थेट बोट उतरवायच्या रॅम्पच्या थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. पुढे ग्रीस दुधाळ होतं, आणि त्यानंतर बेअरिंग हायवेवर कधी दगा देईल याचा नेम नाही. प्रत्येक थांब्यावर हबला हात लावून बघावा, आणि पाण्यात उतरण्याआधी तो निवू द्यावा.

आता कुणी कोणती घ्यावी? सिएटलकडच्या आपल्या मंडळींना दोन आठवड्यांची सुट्टी मिळते. त्यात बोट ओढत नेऊन सॅन हुआन बेटं करायची, तर सी-डोरी. तिकडच्या डिसेप्शन पास या अरुंद खाडीत प्रवाह आठ नॉटपर्यंत जातो, म्हणून पाणी थबकतं ती वेळ गाठावी लागते. उशीर झाला तर सोळा नॉटने पळून ती गाठणं सी-डोरीला जमतं, रोझबरोने सकाळी लवकर निघावं. टोरांटोकडच्यांचं उलट. ओंटारियोच्या ३८६ किलोमीटरच्या ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गावर कालव्यांच्या भागात वेगमर्यादाच ताशी १० किलोमीटर आहे. तिथे कीलवाली बोट हात सोडला तरी सरळ चालते, सपाट तळाची सारखी इकडेतिकडे भरकटते आणि दिवसभर चाक फिरवून खांदे भरून येतात. पूर्व अमेरिकेला वळसा घालणारा सुमारे ६,००० मैलांचा ग्रेट लूप मनात असेल, तर मी डोळे मिटून रोझबरो म्हणेन.

चाचणीला गेलात की विकणारा सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन दाखवेल. बघा, मान डोलवा. मग त्याला सांगा, आता दहा नॉटवर दहा मिनिटं चालव, आणि नंतर वाऱ्याला आडवी करून न्यूट्रलमध्ये सोड.