साक्षगंध झालं, आता पुढे?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
पत्रिका छपाई व लग्नाची व्यवस्था, महाल, नागपूर

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपलं की चार-आठ दिवसांत मंडळी आमच्या काउंटरवर येतात. मुलामुलींच्या मोबाइलमध्ये स्टेजचे पन्नास फोटो असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "असं स्टेज कितीत होईल?" आम्ही म्हणतो, बसा, आधी चहा घ्या. मग आम्ही विचारतो, नवरीचे मामा किती? मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या मागे त्यांतला कोणता मामा उभा राहणार? सगळे एकमेकांकडे पाहतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "ते वेळेवर पाहून घेऊ नं बाप्पा."

वेळेवर पाहायला गेलं की काय होतं, ते आम्ही मांडवाच्या कडेला उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे. फुलं कमी पडली म्हणून रुसलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. पत्रिकेत नाव गळलं, हाक मारली नाही, म्हणून न जेवता निघून गेलेले मात्र भेटले आहेत. सजावट, लायटिंग, जनरेटर आमच्यावर सोपवा, तो आमचा धंदाच आहे. पण काही गोष्टी घरच्यांनीच घरात बसून ठरवायच्या असतात. हे पत्रक त्या गोष्टींबद्दल आहे.

तारीख आणि घड्याळ

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत पंचांगात नेहमीचे मुहूर्त नसतात आणि तुळशीचं लग्न लागलं की आपली लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसरला जातो तो अधिक महिना. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच येऊन गेला, त्यामुळे लग्नघरांना तो जाणवलाच नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. अशा वर्षी उन्हाळ्यातली लग्नं एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जातात. लॉन, केटरर, भटजी आणि धुमाल (वरातीतलं वाजंत्री पथक) एकाच दिवशी चार घरांना हवे असतात. तारीख काढण्याआधी पंचांगात अधिक महिना पाहून घ्या.

बौद्ध पद्धतीचं, सत्यशोधक पद्धतीचं किंवा नोंदणीचं लग्न असेल तर मुहूर्ताचं बंधन नाही. पण म्हणून सगळेच रविवार धरतात आणि गर्दी तिथे होते. शनिवार चालत असेल तर सांगा, जागा मिळणं सोपं जातं.

गोरज, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा, मुहूर्त घेणाऱ्यांना एक विनंती. मुंबई-पुण्याच्या कॅलेंडरात छापलेली वेळ जशीच्या तशी पत्रिकेत उतरवू नका. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, आपल्याकडे सूर्य साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या आत सूर्यास्त होतो, मुंबईत तेव्हा सहा वाजून जातात. वेळ नागपूरसाठी काढली आहे का, एवढं भटजींना विचारून घ्या.

उन्हाबद्दल नागपूरकरांना आम्ही काय सांगणार! तरी दरवर्षी कोणीतरी मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, भर दुपारचा मुहूर्त आणि उघडं लॉन मागतं. हे काम आम्ही घेत नाही. संध्याकाळचं लॉन घ्या, पण रात्री नऊपर्यंत जमीन तापलेली असते हे लक्षात ठेवा. मोकळ्या जागेतला कूलर फक्त समोरच्या दोन रांगांना हवा देतो. बाकीच्यांना त्याचा आवाज. नवतपा लागल्यावर, म्हणजे २५ मेच्या पुढे, एसी सभागृहच बरं. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण येते. पारा १० च्या खाली उतरतो, आठनंतर दव पडायला लागतं आणि लॉनच्या खुर्च्या ओल्या होतात. आजी-आजोबांची बैठक तेव्हा छताखालीच हवी.

पत्रिका

आमच्या मते लग्नातल्या रुसव्याफुगव्यांची निम्मी मुळं याच कागदावर असतात.

निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, दर्शनाभिलाषी अशा चार मथळ्यांखाली साठ नावं असलेली पत्रिका आम्ही छापलेली आहे. अक्षर इतकं बारीक झालं की लॉनचा पत्ता शोधायला पाहुण्यांना चष्मे काढावे लागले. एवढं करून एकसष्टावा माणूस रुसला तो रुसलाच. आमचा सल्ला असा की एक रेघ ठरवा आणि ती दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. नुसते आईवडील, किंवा आजी-आजोबा, आईवडील आणि सख्खे काका-मामा-आत्या-मावशी. "एवढं एकच चुलत नाव टाकून द्या" म्हटलं की रेघ पुसली गेली असं समजा. काका-मामांच्या शेजारी काकू-मामींचीही नावं घ्या. लग्नाची धावपळ त्याच करत असतात.

वडील हयात नसतील तर निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं छापावं, काकांचं त्याखाली. पुष्कळदा आई स्वतःच म्हणते, "माझं नको, भाऊजींचं टाका." तिला दुसऱ्यांदा विचारा. हळद लावणं, ओवाळणं, कन्यादान यांतही तिला मागे बसवण्याचं आता कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते तुम्ही वाचलं असेल. नागपुरात कितीतरी घरांत हे कोणत्याही ठरावाशिवाय चालू आहे. तुमच्या घरात विषय नाजूक असेल तर महिनाभर आधी बोला, हळदीचं ताट हातात धरून नको.

आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांची नावं दोन स्वतंत्र ओळींत, पूर्ण नावानिशी छापतो. कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दिवंगतांच्या नावाआधी कै. की स्व., ते घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवा. बौद्ध पत्रिकेत कालकथित लिहितात, आणि वर शुभविवाहाऐवजी मंगल परिणय. आमच्याकडे दोन्हींचे मजकूर तयार आहेत. पण मजकूर निवडताना घरातल्या मोठ्यांना फोन लावाच. आपल्या घरी काय लिहितात ते तरुण मंडळींना बहुधा ठाऊक नसतं, आणि आम्ही अंदाजाने छापलं तर चूक आमची ठरते.

एका घरची पद्धत वैदिक आणि दुसऱ्या घरची बौद्ध, असंही आता नवं राहिलेलं नाही. त्रिशरण-पंचशील आधी की सप्तपदी आधी, की दोन दिवस वेगळे, हे आम्हाला विचारू नका. दोन्ही घरांनी मिळून एका कागदावर लिहून आणा. तोवर आम्ही पत्रिका लावायला घेत नाही.

"कृपया आहेर आणू नये" छापणार असाल तर पाळा. हे छापून मांडवाच्या दाराशी भाच्याला वही-पेन देऊन पाकिटं लिहून घ्यायला बसवलं की पाहुणा गोंधळतो. खिशातलं पाकीट काढावं की ठेवावं?

आता आवतणाबद्दल. जुन्या माणसांमध्ये चुलीला अक्षत, म्हणजे सगळ्या घराला निमंत्रण, आणि घरातल्या एकालाच निमंत्रण, असा स्पष्ट भेद होता. पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" छापलं की तो भेद मिटतो. मग तुम्ही मोजलेल्या एका माणसामागे पाच येतात आणि त्यांचं काही चुकलेलं नसतं. माणसं मर्यादित ठेवायची असतील तर हे शब्द काढा आणि पाकिटावर नावं लिहा. व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवली की निमंत्रण झालं असं तरुण मंडळी धरतात. मित्रांपुरतं ते चालेल. साठीच्या पुढच्या माणसाला ते नुसतं चित्र वाटतं. त्यांच्या घरी जाऊन, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून, तोंडाने "यायचं" म्हटल्याशिवाय ते आवतण धरत नाहीत. पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीला आणि कुलदैवताला, दुसरी मामाकडे, एवढा क्रम सांभाळला तरी पुष्कळ.

आमची एक चूक सांगून ठेवतो. एकदा आम्ही वार आणि तारीख जुळत नसलेली पत्रिका छापली. प्रूफ पाच जणांनी पाहिलं होतं, आणि पाचही जणांनी आपापलं नाव तेवढं पाहिलं. सगळी खेप आमच्या खर्चाने पुन्हा छापली. तेव्हापासून वार-तारीख दुकानातला माणूस मोठ्याने वाचून दाखवतो आणि तुमची सही घेतो. सहीशिवाय मशीन चालू होत नाही.

नवरीचं वय १८ आणि नवरदेवाचं २१ पूर्ण असल्याचा पुरावा आम्ही मागतो. राग मानू नका. बालविवाहाला हातभार लावणाऱ्याला २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

मानपान आणि आहेर

दुपट्टा-टोपी, शाल, साड्या कोणाकोणाला द्यायच्या ही यादी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून करावी. मधल्या माणसाकरवी निरोप गेला की यादी वाढत जाते. आम्ही पाहिलेली सर्वांत शहाणी सोय म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्यांना एकाच दराची साडी, फक्त रंग वेगळे. भाव काढणाऱ्यांचं तोंड त्याने बंद होतं. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे परस्परांचा आहेर बंद. तसंही त्या साड्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतच असतात, आणि एखादी फिरून मूळ घरी पोचल्याची गोष्ट प्रत्येक घरात सांगतात.

हुंड्याची बोलणी आमच्या टेबलावर करू नये. १९६१ पासून कायद्याने तो गुन्हा आहे. राजीखुशीने दिलेल्या भेटवस्तूंची सही केलेली यादी ठेवावी, असं १९८५ च्या नियमांत सांगितलं आहे. यादीचा कोरा नमुना आमच्याकडे मिळेल.

जेवण

पत्रिकेवर लग्न ६.४०, वरात दारात साडेआठला, मंगलाष्टकं नऊला. नागपुरात याला कोणी उशीर म्हणत नाही. पण शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवणाची वेळ पाळावीच लागते. म्हणून पत्रिकेत जेवणाची वेळ वेगळी छापा आणि त्या वेळेला काउंटर उघडा, लग्न लागलेलं असो वा नसो. अक्षता पडल्याशिवाय जेवायचं नाही असं मानणारे थांबतील, बाकीच्यांची उपासमार टळेल.

बफे असला तरी एका बाजूला चाळीस पानांची पंगत ठेवाच. विहिणी, व्याही आणि घरची म्हातारी माणसं ताट हातात धरून उभी राहिलेली बरी दिसत नाहीत. तिथे वाढायला केटररची पोरं नकोत, घरचं माणूस हवं. आग्रह करणं हे पगारी काम नव्हे.

पदार्थांत आमचा कल उघड आहे. वडाभात आणि त्यावर फोडणीचं तेल, पाटवडी-रस्सा, कढी, तुपासोबत पुरणपोळी एवढं असलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे केटररचा नंबर मागतात. चायनीजचा काउंटर हवाच असेल तर लावून देऊ, पण गर्दी वडाभातालाच होते. सावजी मटण खाऊ घालायचं असेल तर त्याला वेगळा दिवस आणि वेगळी जागा ठेवा, आणि समोरच्या घरी चालतं का ते आधी विचारा. उन्हाळ्यात मठ्ठा आणि पन्हं दारातच द्या. दह्याचे आणि खव्याचे पदार्थ कमी ठेवा, आणि असतील ते बर्फात.

कपडे आणि वरात

टसरची करवतकाठी ही आपल्या विदर्भाची साडी. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पैठणी जरूर घ्या, पण एका विधीला ही नेसून पाहा. मे महिन्यात जड शालू लग्न लागेपर्यंत ठीक, पुढे हलकी साडी हाताशी ठेवा. सगळ्या पाहुण्यांना एकाच रंगाचे कपडे घालायला सांगण्याची नवी रीत आली आहे. हळदीला पिवळा ठीक आहे, तो घरोघरी असतो. पिस्ता किंवा लव्हेंडर सांगून दूरच्या मावशीला खर्चात पाडू नका.

वरातीबद्दल थोडक्यात. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे. पोलीस आले तर बोलायला नवरदेवाच्या बापाला जावं लागतं, डीजेवाला तोवर वायरी गुंडाळत असतो. धुमाल नऊ वाजता थांबेल असं ठरवूनच आम्ही इसार (आगाऊ रक्कम) देतो.

नोंदणी

लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करून घ्या. तीन साक्षीदार लागतात, आणि भटजींची सही मांडवातच घेतलेली बरी, नंतर ते सापडत नाहीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून हॉलची तारीख नोटिशीनंतर पक्की करा.

आमच्याकडे येताना

मजकूर कागदावर लिहून आणा, फोनवर सांगू नका. र्‍हस्व-दीर्घाचे घोळ तिथेच होतात. दुपारी २ ते ४ काउंटर बंद असतो. सोबत घरातलं असं एक माणूस आणा, ज्याला सगळ्या नातेवाइकांची पूर्ण नावं आणि कोण कोणाशी बोलत नाही हे पाठ आहे. बहुतेक घरांत ती आत्या असते.