मुदत उलटलेले दुग्धपदार्थ : घरगुती स्वयंपाकातला वापर

पॅकेटवरची तारीख उलटलेलं दूध, दही, क्रीम, लोणी, चीज फेकून न देता रांधण्याभाजण्यात वापरणं. घरोघरी चालतं, त्यामुळे कृती देत बसत नाही, खरा वाद तारखेचा आणि 'आंबट दूध' नक्की कशाला म्हणायचं याचा आहे.

तारीख छापायची पद्धत कुठून आली याबद्दल एक किस्सा फार फिरतो. शिकागोचा गुंड अल कपोन किंवा त्याचा भाऊ राल्फ यांनी १९३० च्या आसपास दुधाच्या धंद्यात शिरून बाटलीवर तारीख टाकायला लावली म्हणे, कुणी म्हणतं घरातलं कुणीतरी नासक्या दुधाने आजारी पडलं म्हणून, कुणी म्हणतं सरळ धंद्याच्या फायद्यासाठी. पण श्रेय कपोनला द्यावं असा भक्कम पुरावा काही पुढे येत नाही, तेव्हा किस्सा म्हणूनच ठेवलेला बरा. त्यापेक्षा ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीचा दाखला जास्त पटतो, तिथे १९५० च्या दशकात आधी गोदामापुरती आणि साधारण १९७० पासून गिऱ्हाइकाला दिसेल अशी तारीख आली असं सांगतात. पुढे कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) लेबलिंग मानकात २०१८ साली दोन तारखा स्पष्ट वेगळ्या केल्या गेल्या, एक चव-दर्जाची आणि दुसरी ज्यानंतर माल खाऊ-विकू नये अशी. दोन्ही न फोडलेल्या आणि नीट थंड ठेवलेल्या पॅकेटच्या, हे मात्र कुणी वाचत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्याच मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीने स्वतःच्या ब्रँडच्या बऱ्याचशा दुधावर दुसरीऐवजी पहिली तारीख छापायचं ठरवलं आणि वास घेऊन बघा असं सांगितलं.

आता आंबट दूध. एकोणिसाव्या शतकात, बेकिंग पावडर रुळायच्या आधी, आंबट दूध आणि सोडा ही जोडी पीठ फुगवायला वापरायचे, लॅक्टिक आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यावरून काहीजण सांगतात की आजचं जुनं पॅकेट केकमध्ये तसंच चालेल. हे तितकंसं पटत नाही. तेव्हाचं दूध कच्चं, त्यात लॅक्टिक जिवाणूंचं राज्य. पाश्चरायझेशनमध्ये (७२ अंश सेल्सिअस, १५ सेकंद) ते बहुतेक मरतात आणि फ्रिजमध्ये नंतर वाढतात ते स्यूडोमोनाससारखे थंडी सोसणारे, त्यांची एन्झाइम्स प्रथिनं आणि फॅट तोडतात, म्हणून असं दूध आंबण्याऐवजी कडू, साबणासारखं होतं. आम्ल कमी म्हणजे सोडाही नीट चढत नाही, आणि कडवटपणा शिजवून जात नाही. नुसतं किंचित आंबलेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते पॅनकेकच्या पिठात खपतं. केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) घरातल्या साध्या तापमानाला साधारण ४.६ पीएचला गोठतं (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), पण तापवताना इतकं आंबट व्हायच्या बरंच आधी, म्हणून ग्लासात ठीक दिसणारं दूध पातेल्यात फाटतं.

उकळलं की सगळं मरतं हा समज अर्धाच खरा. बहुतेक जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं विष आणि बॅसिलस सीरियस या जिवाणूचं उलटी आणणारं विष उष्णतेला दाद देत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू शिजवल्यावर मरतो, पण फ्रिजमध्ये वाढतो आणि वासाने कळत नाही, त्यामुळे न शिजवता खायच्या पदार्थात, विशेषतः गरोदर बाईसाठी, तारीख उलटलेलं मऊ चीज नकोच.

दही आधीच आम्लयुक्त (पीएच साधारण ४.५ किंवा कमी), त्यामुळे टिकतं, वर सुटलेलं पाणी ढवळून दह्यातच मिसळावं, बुरशी दिसली तर सगळं टाकावं. कडक चीजवर बुरशी आली तर भोवतीचा आणि खालचा किमान २.५ सेंटीमीटर भाग कापून बाकी वापरतात, मऊ किंवा किसलेल्याला ही सूट नाही. लोण्यात पाणी कमी, ते बहुधा खवट होतं आणि ते कळतंच. क्रीमला दुधाचेच नियम.

तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युला पावडरला यातलं काहीच लागू नाही, तिथली तारीख पोषणघटकांच्या हमीची असते, उलटली की वापरायची नाही.