घराबाहेरच्या लाइटचे नियम (बेळगाव सीमाभाग)

दारावर, सज्जाखाली, गेटच्या खांबावर नाहीतर गच्चीच्या कठड्यावर कायमची बसवलेली लाइट आणि तिला लागू होणारे नियम, एवढ्यापुरती ही नोंद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तिला गेटलाइट किंवा नुसतं 'बाहेरचा बल्ब' म्हणतात. तिच्यासाठी वेगळा कायदा नाही. बांधकाम परवान्यातही तिचं नाव सहसा येत नाही, बंधनं येतात ती जवळपास सगळी विजेच्या सुरक्षा नियमांतून.

जुन्या मातीच्या घरात हे काम दाराशेजारची देवळी करायची, तिन्हीसांजेला पणती तिथंच. हा शब्द दिव्यावरून आला असं वाटतं खरं, पण 'देऊळ'चं लहान रूप म्हणून तो जास्त नीट बसतो, दिवा त्यात बहुधा नंतर शिरला असावा.

भारतीय वीज नियम १९५६ सालचे, आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेही त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, त्यामुळं इकडचे लोक याला सर्रास 'केईबीचा' (कर्नाटक वीज मंडळाचा) 'रूल' म्हणतात, पण ते नियम केंद्राचे, १९१० च्या वीज कायद्याखालचे, म्हणजे कोल्हापूरला जे तेच बेळगावला. राज्याप्रमाणं बदललं ते नगरपालिकेचं. मुंबई राज्यातले जुने कायदे जाऊन १९६४ चा कर्नाटकाचा नगरपालिका कायदा आला, बेळगाव महापालिका १९७६ च्या कायद्यावर चालते, खेड्यात १९९३ चा पंचायत राज कायदा आणि लष्करी कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड. घर बांधायची परवानगी यांच्यापैकी कुणाची तरी, वायरिंगचा नियम मात्र सगळीकडं एकच.

खरा वादाचा मुद्दा १९५६ च्या नियम ४५ मध्ये आहे. विजेचं कुठलंही काम, त्यात भर घालणं, फेरफार, दुरुस्ती, हे सगळं लायसनवाल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, अपवाद फक्त २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, फिटिंग असलं काही बदलण्याचा, तोही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. त्या नियमांच्या जागी आलेल्या २०१० च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांत हे जवळपास तसंच आलं, २०२३ च्या नव्या विनियमांतही गाभा तोच. आता गेटवर नवीन बल्ब लावणं म्हणजे बदलणं की भर घालणं? लोक म्हणतात, 'बल्बच तर लावूलालोय, त्याला कसलं परमिशन'. जुन्या होल्डरात नवा एलईडी घातला तर हे बरोबरच आहे, पण जिथं पॉइंटच नव्हता तिथं वायर ओढून पॉइंट केला तर ती भर झाली, आणि शब्द बघितले तर हाच अर्थ जास्त पटतो. गच्चीवर चार फ्लड लाइट ठोकल्यावर तर वाद उरतच नाही, मंजूर लोडही (जोडणीला मान्य झालेला वीजभार) तपासावा लागतो, आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक नंबर) सांगून.

अंतराचा नियम साधा आहे. घराजवळून जाणारी लो व्होल्टेजची उघडी तार इमारतीपासून आडवी १.२ मीटर आणि सर्वात उंच भागापासून उभी २.५ मीटर लांब पाहिजे, ११ हजार व्होल्टच्या लाइनला उभं अंतर ३.७ मीटर. गल्लीतल्या घरावर मजला चढला की हे अंतर आपोआप कमी होतं आणि मग लाइटचा लोखंडी ब्रॅकेट त्याच बाजूला बाहेर काढतात, तिथं धोका.

पाऊस हा इथला दुसरा कायदाच म्हणायचा. अथणीकडं कोरडं, कणकुंबी-जांबोटीकडं महिनाभर सूर्य दिसत नाही, त्यामुळं एकच फिटिंग दोन्हीकडं चालत नाही. फिटिंग धूळ-पाणी किती अडवतं ते त्याच्यावरचा आयपी आकडा सांगतो. आयपी ४४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारं, सज्जाखाली पुरतं, उघड्या खांबाला आयपी ६५ बघावं. वायर वरून आत घेतली तर पाणी तिच्यावरून ओघळत थेट होल्डरात जातं, म्हणून जाणता वायरमन वायरीला झोळ देऊन खालून आत घेतो, थेंब झोळावरच गळतो. बाकीचे होल्डरला दुधाची पिशवी बांधून मोकळे. गेटपर्यंत दोनच वायरी ओढायच्या आणि अर्थिंगची हिरवी वायर वाचवायची हीसुद्धा जुनी सवय, मग जूनमध्ये गेटला हात लावला की झिणझिण्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर लाइन लगेच बंद होते, नसेल तर देवाची कृपा. जमिनीतून केबल न्यायची तर पाऊण मीटर खोल.

वीज देणारे सगळीकडं एक नाहीत. बेळगाव आणि कारवारकडं हेस्कॉम, बिदर-भालकीकडं जेस्कॉम, आणि हुक्केरी तालुक्यात १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था, देशात असल्या संस्था फार थोड्या. जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरांना २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे, पण ती आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरते. नऊ वॅटचा बल्ब रात्री ११ तास जाळला तर महिन्याला तीन युनिट, पन्नास वॅटचा फ्लड लाइट मात्र सोळा-साडेसोळा.

शेजाऱ्याच्या खिडकीत पडणाऱ्या उजेडावर वेगळा नियम नाही. बहुतेकदा तोंडी सांगूनच फ्लड लाइटचं तोंड खाली करून घेतात.