पार्श्वभूमी : प्रेमवेड, पिस्तूल आणि पॅरिसची ज्यूरी

1880च्या दशकातल्या पॅरिसवर बेतलेल्या पीरियड ड्रामात एक प्रसंग हटकून येतो. नकार न पचलेला प्रियकर किंवा फसवली गेलेली प्रेयसी गोळी झाडते, खटला उभा राहतो आणि ‘प्रेमापोटी झालेला गुन्हा’ म्हणून आरोपी सुटतो. आरोपी सुटत, हे खरं. पण कायद्यातच तशी माफी होती, हे साफ चूक. बहुतेक पटकथा इथेच घसरतात.

हवाला दिला जातो तो 1810च्या दंडसंहितेतल्या कलम 324चा. त्यातली सवलत फक्त नवऱ्याला होती. बायको आणि तिचा प्रियकर रंगेहाथ सापडायला हवेत, तेही नवरा-बायकोच्या राहत्या घरात. एवढं जुळूनही माफी नव्हतीच. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या जागी 1 ते 5 वर्षांची कैद होई. हॉटेलच्या खोलीत गाठून मारलं, की कलम गैरलागू. बायकोला ही सवलत नव्हती आणि एकतर्फी प्रेमात पिसाटलेल्याला तर मुळीच नव्हती.

सोडणारी होती ती ज्यूरी. या 12 पुरुषांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं; कारणं द्यायची गरज नव्हती. 1832पासून ‘सौम्य परिस्थिती’ मान्य करून शिक्षा खाली आणण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आला. तरीही उरलेली शिक्षा जास्त वाटली, की ते सरळ ‘दोषी नाही’ म्हणून मोकळे होत. त्यात 1881मध्ये न्यायाधीशांनी शेवटी खटल्याचा गोषवारा मांडण्याची पद्धत बंद झाली. बचाव पक्षाचं भाषण कानात घोळत असतानाच ज्यूरी आत जाऊ लागली, आणि वकिलांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला.

स्त्री आरोपींबद्दलच्या सहानुभूतीला निदान आधार तरी होता. घटस्फोट 1816मध्ये रद्द झाला तो थेट 1884मध्ये परत आला. 1804च्या नागरी संहितेने मुलाचा बाप कोण हे कोर्टात शोधायलाच बंदी घातली होती. ती 1912मध्ये उठली. गरोदर करून सोडून दिलेल्या बाईला दिवाणी दाद जवळपास नव्हतीच. तिने रिव्हॉल्व्हर किंवा गंधकाम्ल उचललं, तर ज्यूरीला त्यात थकलेला हिशेब दिसे. पण सोडून गेलेल्या बायकोला मारणाऱ्या नवऱ्यालाही हीच दया मिळाली आणि तिथे कसलाच हिशेब थकलेला नव्हता. पडद्यावर हा फरक सहसा पुसला जातो.

वैद्यकशास्त्राची वाट वेगळी होती. एकाच विचाराने झपाटलेल्या माणसासाठी ‘मोनोमेनिया’ हे निदान शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झालं होतं. पुढे 1921मध्ये पॅरिसच्या एका मनोविकारतज्ज्ञाने इंग्लंडचा राजा आपल्यावर प्रेम करतो असं मानणाऱ्या 53 वर्षांच्या स्त्रीचं प्रकरण मांडलं. बकिंगहॅम राजवाड्याच्या खिडकीतला पडदा हलला, की तो तिला राजाचा इशारा वाटे. अशा रुग्णाला नकारही होकारच वाटतो, हे लेखकांनी ध्यानात घेतलं तर अर्धे संवाद बदलतील.

नेपथ्याचं थोडक्यात. सततच्या पत्रांसाठी टपालाची वाट पाहणारा प्रियकर दाखवायची गरज नाही. हवेच्या दाबाने नळ्यांतून धावणारं टपाल 1879मध्ये सर्वांना खुलं झालं होतं आणि शहरातल्या शहरात निरोप काही तासांत पोहोचे. गॅसच्या दिव्यांना मात्र पांढरा उजेड देऊ नये. मेंटल, म्हणजे ज्योतीवर बसवायची, तापून पांढरी झळकणारी जाळी, आली 1890च्या दशकात. त्याआधीची ज्योत उघडी, पिवळी आणि थरथरती असे. पिस्तुलाला परवान्याची अडचण नव्हती. 1885च्या कायद्याने शस्त्रविक्री आणखी मोकळी केली.

ज्यूरीची ही सत्ता आटली ती 1941मध्ये, न्यायाधीश तिच्यासोबत खलबतखान्यात बसू लागले तेव्हा. 1944मध्ये स्त्रियांना ज्यूरीत जागा मिळाली. कलम 324 मात्र 1975पर्यंत पुस्तकात टिकलं. 2006च्या कायद्याने तर गणितच उलटं केलं: मारणारा पती किंवा जोडीदार असेल, अगदी माजी असला तरी, शिक्षा वाढते.