नागपुरातील मेथॉडिस्ट मंडळी : उपासना आणि मंडळीजीवन

मेथॉडिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि चार्ल्स वेस्ली (१७०७–१७८८) या भावांनी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जी धर्मजागृती घडवली, तिच्यातून तो उभा राहिला. नागपुरात मेकोसाबाग आणि आसपासच्या भागात या पंथाची जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. येथील मंडळ्या (चर्चमध्ये जमणारे समुदाय) ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या स्वायत्त संस्थेत मोडतात. रविवारची उपासना ही मंडळीची दर्शनी बाजू झाली. मंडळी खऱ्या अर्थाने टिकते ती घरोघरच्या प्रार्थनासभांवर, गाण्यावर आणि ही दोन्ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या सामान्य सभासदांवर. या पंथात पाळकांची (धर्मोपदेशकांची) बदली ठरलेलीच असते, त्यामुळे सभासदांच्या या कामाला विशेष महत्त्व आहे.

पूर्वपीठिका

नागपुरात ख्रिस्ती मिशनकार्याचा पाया स्कॉटिश मिशनने घातला. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले आणि त्यांनी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मेथॉडिस्ट त्या मानाने उशिरा आले. अमेरिकेच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चने विल्यम बटलर यांना १८५६ मध्ये भारतात पाठवले, पण त्यांचे क्षेत्र बरेली-लखनौचे होते. पश्चिम आणि मध्य भारताकडे हा पंथ वळला तो विल्यम टेलर यांच्यामुळे. १८७१-७२ मध्ये मुंबईत त्यांच्या सभांतून अनेक लहान गट तयार झाले. हे गट चर्चच्या इमारतीत नव्हे, लोकांच्या घरी भरत. बरीच वर्षे मराठी लोकांत राहून काम केलेले जॉर्ज बोवेनही याच सुमारास मेथॉडिस्टांना मिळाले. मिशनच्या पैशावर न विसंबता मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, असा टेलर यांचा आग्रह होता. रेल्वेत नोकरी करणाऱ्या अँग्लो-इंडियन आणि युरोपीय कुटुंबांचा त्यांना मोठा आधार मिळाला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला होता. त्या मार्गाने माणसे आली, तशा प्रार्थनासभाही आल्या. १८९२ मध्ये मुंबई कॉन्फरन्स (पंथाची प्रादेशिक सभा) स्थापन झाली.

पंथाची सूत्रे भारतीयांच्या हाती येण्यास बराच काळ लागला. या चर्चचे पहिले भारतीय बिशप म्हणून १९३० मध्ये जशवंतराव चितंबर निवडले गेले. त्यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रीय, जन्म अलाहाबादचा. १९३५ मध्ये येवल्याच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्यानंतरच्या वर्षांत मुंबईचे मेथॉडिस्ट बिशप जे. वासकॉम पिकेट यांच्याशी त्यांच्या भेटी आणि चर्चा झाल्या. पुढे १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपुरातच बौद्ध धम्म स्वीकारला. या शहरातील ख्रिस्ती समाजाचा विचार करताना ही पार्श्वभूमी सोडून चालत नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींसाठीच्या सवलती मिळत नाहीत, आणि शिक्षण-नोकरीच्या वाटेवर अनेक कुटुंबांना आजही ही अडचण येते.

अमेरिकेतील मूळ संस्थेपासून वेगळी होऊन ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ १९८१ मध्ये स्वायत्त झाली.

विदर्भात फ्री मेथॉडिस्ट नावाचा आणखी एक पंथ आहे. त्याचे काम यवतमाळ जिल्ह्यात रुजले. ही संस्था स्वतंत्र आहे; नावातील साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते.

रविवारची उपासना

मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधील सेवेला उपासना म्हणतात, जमलेल्या समुदायाला मंडळी आणि धर्मोपदेशकाला पाळक किंवा आदराने पाळकसाहेब. दारात एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणायचे आणि आत जायचे. बायका बहुधा डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. उपासनेचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. आवाहन, स्तुतिगीत, पापांगीकार, स्तोत्राचे आळीपाळीने वाचन, जुन्या आणि नव्या करारातील शास्त्रपाठ, प्रेषितांचा विश्वासांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण, संदेश, शेवटचे गीत आणि आशीर्वचन. क्रम छापील असला तरी प्रार्थना उत्स्फूर्त असू शकते, आणि ती पाळकांनीच केली पाहिजे असेही नाही. एखाद्या ज्येष्ठ बाईला ‘तुम्ही प्रार्थनेत चालवा’ अशी विनंती होते. मग त्या उभ्या राहून आजारी माणसांची नावे घेतात, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागतात, पाऊस लांबला असेल तर पावसासाठीही मागतात.

उपासनेत मंडळीतल्या वाढदिवसांना आणि लग्नाच्या वाढदिवसांना जागा असते. ज्यांचा दिवस त्या आठवड्यात आला ती माणसे पुढे येतात, उपकारस्तुतीचे पाकीट देतात, पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. बाहेरच्याला हा भाग लांबलेला वाटेल. पण नोकरीनिमित्त विखुरलेली माणसे एकमेकांच्या घरात काय चालले आहे हे कळण्यासाठी याच पाच-दहा मिनिटांवर अवलंबून असतात, आणि ती काटछाट करून वाचवण्याजोगी नाहीत.

प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी) बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. सभासद वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. भाकरीचा तुकडा आणि लहान पेल्यातून द्राक्षरस घेतात. अमेरिकन मेथॉडिस्टांनी दारूबंदीच्या चळवळीत मोठा भाग घेतला होता, म्हणून या परंपरेत आंबवलेला द्राक्षारस टाळतात. मुलांचा बाप्तिस्मा बालपणी होतो. मोठे झाल्यावर शिकवणीचे वर्ग घेऊन दृढीकरण होते आणि मग ती पूर्ण सभासद ठरतात.

गायन

मेथॉडिस्ट पंथ गात गात वाढला. चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांहून अधिक गीते रचली. लिहिता-वाचता न येणाऱ्या खाणकामगारांनाही धर्मतत्त्वे पाठ व्हावीत, एवढी ताकद त्या गीतांत होती. मराठी मंडळीत हे काम दोन प्रवाहांनी केले. एक म्हणजे पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते. ती ऑर्गनवर किंवा कीबोर्डवर चालतात, आणि चालीच्या ओढीत कधी कधी मराठी शब्दाचा आघात चुकतो. दुसरा प्रवाह पेटी, तबला आणि झांजांवरच्या पदांचा, भजनांचा, अभंगांचा. यातील बराच मोठा वाटा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा आहे. मराठी चर्चमध्ये प्रचलित असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत.

टिळकांचा नागपूरशी संबंध जवळचा. धर्मांतरापूर्वी ते नागपुरात राहून काम करत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्याशी ख्रिस्ताविषयी बोलणे काढले आणि नवा करार हातात ठेवला. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे सांगितले जाते. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये. ते मेथॉडिस्ट झाले नाहीत. तरीही ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेतून ख्रिस्ताकडे जाण्याची जी वाट त्यांनी घालून दिली, तिच्यावरून सगळ्या पंथांची मराठी मंडळी चालत आली. मेथॉडिस्ट घरांतल्या आजीबाईंना त्यांची पदे पुस्तक न उघडता येतात. मराठी ख्रिस्ती समाजाला मिळालेली सर्वांत मोठी ठेव हीच, असे म्हणण्यास हरकत नाही.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीन अशी दीर्घ उपासना होते. येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वेगवेगळी माणसे बोलतात आणि प्रत्येक उद्गारानंतर गीत होते. नागपुरात मार्च-एप्रिलचे ऊन त्या वेळी डोक्यावर असते. पंखे गरम हवाच फिरवत असतात, आणि तरी उपवास धरलेली वयस्क माणसे शेवटच्या उद्गारापर्यंत बसून राहतात. त्या दिवशीची गाणी बहुतेक संथ लयीतली असतात आणि साथीला नुसती पेटी पुरते.

घरोघरच्या प्रार्थनासभा

१७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या मेथॉडिस्ट प्रार्थनागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले आणि सुमारे बारा जणांमागे एक पुढारी नेमला गेला. पैसे मागायला तो घरोघर जाऊ लागला, तेव्हा कोण आजारी, कोणाचे घरात भांडण, कोण व्यसनात अडकले, हे सारे त्याच्या नजरेस आले. जॉन वेस्लींनी यातूनच ‘क्लास मीटिंग’ ही पद्धत घडवली. दर आठवड्याला लहान गटाने जमायचे, एकमेकांच्या आत्मिक अवस्थेची मोकळी विचारपूस करायची आणि प्रार्थना करायची. मेथॉडिस्ट पंथ खऱ्या अर्थाने वाढला तो या गटांत.

नागपुरात त्या नावाने गट भरत नसले तरी कामाची रीत तीच आहे. मंडळीचे विभाग पाडलेले असतात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एखाद्या घरी कॉटेज मीटिंग भरते. सतरंज्या अंथरल्या जातात, मुले पुढे बसतात, दोन-तीन गीते होतात, शास्त्राचा लहान भाग वाचून त्यावर कोणी बोलतो, मग साक्षी होतात. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले याचे सरळ कथन. त्यात नोकरी लागल्याचे असते, शस्त्रक्रिया पार पडल्याचे असते, दारू सुटल्याचेही असते. शेवटी चहा, चिवडा किंवा पोहे. मासिक वर्गणीही अनेकदा याच फेऱ्यांत जमा होते. घरात नवे बाळ, नवी वास्तू, लग्न, मृत्यू असे काहीही असले की आधी प्रार्थना ठेवली जाते. हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम शेजारीही दाराशी येऊन बसतात. त्यांना मंडळीची पहिली ओळख होते ती बहुधा इथेच.

मृत्यूच्या वेळी या व्यवस्थेचे मोल कळते. बातमी कानोकानी आणि आता मोबाइलवरून जाते. पाळकांसोबत गायनमंडळाची माणसे पोहोचतात, रात्र गाण्यांत जाते. दफनानंतरचे काही दिवस दुःखात असलेल्या घरची चूल पेटत नाही आणि मंडळीतली घरे आळीपाळीने डबे पाठवतात. हे काम कोणत्याही समितीच्या ठरावाने होत नाही.

वर्षाचा फेरा आणि घरची कार्ये

डिसेंबरच्या थंडीत तरुणांचे गट ढोलक-गिटार घेऊन रात्री उशिरापर्यंत कॅरल गात वस्त्यांतून फिरतात. नाताळच्या आधी घरोघर करंज्या, शंकरपाळे, अनारसे होतात. केक बेकरीतून भाजून आणायचा असतो. ३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना असते. ही प्रथा वेस्लींच्या काळापासूनची. नव्या वर्षाच्या आरंभी करारनवीकरणाची उपासना हे मेथॉडिस्टांचे वैशिष्ट्य. वेस्लींनी ती १७५५ मध्ये सुरू केली. मी आता माझा नाही, तू मला काम दे किंवा बाजूला ठेव, मला भरून टाक किंवा रिते कर, असा तिच्या प्रार्थनेचा आशय आहे. इतकी अवघड प्रार्थना वर्षाच्या पहिल्याच दिवसांत सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची, यात या पंथाचा स्वभाव दिसतो.

झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे) मुले मिरवणुकीने येतात. पुनरुत्थानदिनी (ईस्टर) उजाडण्यापूर्वी उपासना होते, आणि अनेक कुटुंबे त्याच सकाळी दफनभूमीत जाऊन कबरींवर फुले ठेवतात. सुगीच्या सणाला वेदीपुढे ज्वारी, तांदूळ, वांगी, कोहळे, हंगाम असेल तर संत्री, घरची कोंबडी, बायकांनी केलेली लोणची येतात. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. एका कोहळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी पट चढते आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात.

लग्नाची पुकार चर्चमध्ये आधीच्या रविवारी होते. विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंदला जातो. पण आदल्या दिवशी हळद लागते, हळदीची गाणी होतात, आणि मंगळसूत्रात क्रूस ओवलेला असतो. पांढरी साडी किंवा गाऊन चर्चमध्ये, संध्याकाळी जरीची साडी. मिशनच्या जुन्या शिस्तीला हे रुचले नसेल. मराठी घरांनी ते सोडले नाही.

कारभार आणि पाळकांची बदली

मंडळीचा रोजचा कारभार पाळक आणि पास्टरेट कमिटी पाहतात. त्यांच्यावर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट, त्यांच्यावर बिशप. पाळकांची नेमणूक मंडळी करत नाही, बिशप करतात. कॉन्फरन्सच्या अधिवेशनाच्या अखेरीस नेमणुका वाचून दाखवल्या जातात आणि आपले पाळकसाहेब राहिले की गेले हे तेव्हा समजते. वेस्लींनी प्रवचनकारांना घोड्यावरून गावोगाव फिरत ठेवले, त्याचीच ही पुढची रीत. तिचा फायदा असा की मंडळी एका माणसाभोवती बांधली जात नाही. तोटा असा की कुटुंबांची ओळख होते न होते तोच पाळकांना सामान बांधावे लागते, आणि त्यांच्या मुलांच्या शाळा मधेच बदलतात.

ही पोकळी सभासद भरून काढतात. लोकल प्रीचर म्हणजे परवाना मिळालेले, नोकरी-धंदा सांभाळून संदेश देणारे सभासद. महिलांची संघटना आजाऱ्यांच्या भेटी, उपवास-प्रार्थना आणि निधी पाहते. एम.वाय.एफ. ही तरुणांची संघटना. संडे स्कूलला शिकवणाऱ्या बायकांनी कित्येक पिढ्यांना बायबलमधील वचने पाठ करून घेतली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत बायबल शाळा भरते, तीही ऊन चढायच्या आत, सकाळीच. मेथॉडिस्ट चर्चने १९५६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले. तरी सेवेतील स्त्री पाळकांचे प्रमाण आणि मंडळीत बायका उचलत असलेला भार यांचा मेळ अजून बसलेला नाही.

इतर मंडळ्यांशी नाते

उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट चर्चांच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सी.एन.आय.) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाले. अँग्लिकन, स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्या असलेले युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अनेक वर्षे वाटाघाटीत होते, पण शेवटच्या टप्प्यात त्यांनी बाहेर राहण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे एकाच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर, दोन वेगळ्या व्यवस्थांची चर्चे उभी राहिली. कुटुंबे मात्र वाटली गेली नाहीत. सासर सी.एन.आय.चे आणि माहेर मेथॉडिस्ट ही नागपुरात नेहमीची गोष्ट आहे, आणि प्रभुभोजनाला एकमेकांकडे बसण्यास आडकाठी नसते.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती, आधी मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची. त्यामुळे येथील ख्रिस्ती समाजात मराठीबरोबर हिंदीही पूर्वीपासून रुळलेली आहे. इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांना टिळकांचे अभंग गाता येतात, पण देवनागरी गीतपुस्तक भरभर वाचता येत नाही. म्हणून काही ठिकाणी गीते पडद्यावर दाखवतात, काही घरी मुलांना रोमन लिपीत लिहून देतात. संडे स्कूलमध्ये मराठी वाचन घेण्यासाठी घरातून कोणी आजी किंवा मावशी वेळ देऊ शकली, तर त्या मंडळीत हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.