कॉम्प्रेसर आवाज मोठा करत नाही

ध्वनिमुद्रित गाण्याला कॉम्प्रेसर लावला की गायकाचा आवाज भारदस्त आणि जवळचा वाटू लागतो, म्हणून हे साधन आवाज वाढवते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते मोठा आवाज कमी करते. डिजिटल ध्वनिमुद्रणात सर्वोच्च पातळी शून्य डेसिबल धरून बाकीच्या पातळ्या उणे आकड्यांत मोजतात. समजा, गाण्यातला एक जोरकस शब्द उणे 8 वर आहे आणि एक हलका शब्द उणे 26 वर. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठ्याची पातळी उणे 20 आणि रेशो, म्हणजे उंबरठ्यावरचा आवाज दाबण्याचे प्रमाण, 4:1 (वरच्या दर 4 डेसिबलमागे 1 उरेल असा) ठेवला, तर जोरकस शब्द उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर न राहता फक्त 3 डेसिबल वर, म्हणजे उणे 17 वर येतो. हलक्या शब्दाला धक्काही लागत नाही. दोहोंतले 18 डेसिबलचे अंतर 9 वर आले. मग मेकअप गेनने, म्हणजे दाबल्यानंतर एकूण पातळी वाढवणाऱ्या बटणाने, सगळेच 9 डेसिबलने उचलले, की जोरकस शब्द मूळ जागी परततो आणि हलका शब्द वर येतो. त्याच्याबरोबर श्वास आणि खोलीतली घरघरही तेवढीच वर येते.

खरी गंमत आहे ती वेळेची. उंबरठा ओलांडल्यावर कॉम्प्रेसर किती लवकर दाबू लागतो तो अटॅक, आणि आवाज खाली आल्यावर किती वेळात सोडतो तो रिलीज. ‘ट’ किंवा ‘क’ उच्चारताना हवेचा जो छोटा स्फोट होतो, तो काही मिलिसेकंदांतच संपतो. अटॅक 1 मिलिसेकंद असेल तर शब्दाची सुरुवातच दबून तो बोथट होतो. 20 ते 30 मिलिसेकंद असेल तर सुरुवातीची धार निसटून जाते आणि दाब पुढच्या स्वरावर येतो. रिलीज फार लांबला तर जोरकस शब्दामागून येणारा हळू शब्दही दबलेलाच राहतो. तो फार आखडला तर वेगळीच अडचण उभी राहते. 100 हर्ट्झच्या खर्जातील आवाजाचे एक आवर्तन 10 मिलिसेकंदांचे असते. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच कमी असतील, तर कॉम्प्रेसर शब्दांच्या चढउताराऐवजी प्रत्येक लहरीच्याच चढउताराचा पाठलाग करतो, लहरीचा आकार बदलतो आणि मुळात नसलेले उपस्वर ऐकू येऊ लागतात. त्यालाच आपण आवाज फाटला असे म्हणतो.

म्हणूनच गळा आणि गायनाचा प्रकार पाहावा लागतो. रॅपमध्ये अक्षरे इतकी दाट असतात की रिलीज दोन अक्षरांच्या मधल्या वेळात पुरा व्हावा लागतो. कुजबुजत्या गायनात श्वासच वर येत असल्याने हात आखडता ठेवावा. किंचाळून गायलेल्या ओळी आधीच बऱ्यापैकी एकसारख्या पातळीवर असतात, तिथे कॉम्प्रेसरला फारसे कामच उरत नाही. कोरसला मात्र जलद अटॅकने मुद्दाम बोथट करावे, म्हणजे तो मुख्य गायकाच्या मागे जातो.

‘रॉक व्होकल’, ‘पॉप व्होकल’ अशा नावांच्या तयार सेटिंगची जाहिरात जोरात चालते. तुमचे ध्वनिमुद्रण किती पातळीवर झाले आहे हे त्या सेटिंगला ठाऊक नसते, त्यामुळे त्यातला थ्रेशोल्डचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो.

वेगवेगळ्या वारंवारतांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरचे काम त्या मानाने सरळ आहे, पण क्रम महत्त्वाचा. ‘प’ म्हणताना हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळून खालच्या वारंवारतेचा जो धप्पकन आवाज येतो, त्याने कॉम्प्रेसर फसतो आणि अख्खा शब्द दाबतो. म्हणून 80 ते 100 हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने आधीच काढावा, अगदी खर्जातील गळ्यासाठी थोडा अजून खालून. मायक्रोफोनला चिकटून गायल्याने येणारा घुमारा 200 ते 400 हर्ट्झच्या आसपास कमी करता येतो. 3,000 हर्ट्झजवळ मात्र जपून वागावे, कारण सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची आपली कर्णनलिका तिथेच अनुनाद देते. तिथे थोडे वाढवले की कुजबुजीतले शब्द स्पष्ट होतात, पण किंचाळीत तेवढीच वाढ कानाला टोचते. ‘स’ आणि ‘श’ यांची शीळ साधारण 5,000 ते 8,000 हर्ट्झमध्ये असते; तिच्यासाठी इक्वलायझरने तो पट्टा कायमचा कापला तर सगळेच गाणे मंद वाटते, म्हणून डी-एसर वापरतात, जो त्या पट्ट्यातला आवाज वाढेल तेवढ्यापुरताच दाब देणारा कॉम्प्रेसर असतो.